नागपूरकरांनो, पेनांगचे ३२ अंश हलक्यात घेऊ नका

प्रश्न : मे महिन्याच्या शेवटी आम्ही चौघं सिंगापूरहून क्रूझने निघतोय. मी, मिस्टर, चौदा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ७३, रक्तदाबाची गोळी चालू). पहिला थांबा मलेशियातलं पेनांग बेट. जहाज सकाळी नऊला लागतं, संध्याकाळी सहाला सुटतं. जहाजावरून पाच तासांची बसची सहल मिळते. त्यात टेकडीवरची रेल्वे, केक लोक सी मंदिर, बाटिकचा कारखाना आणि जुनं शहर असं सगळं आहे. मुलाला टेकडीच हवी. ओळखीचे लोक ‘उकाड्याने हाल होतील’ म्हणून घाबरवतात. मिस्टर म्हणतात, नवतपा काढणारी माणसं आपण, ३२ अंशांना काय भ्यायचं! सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत. एका दिवसात काय बघावं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, मी मूळची अकोल्याची. पुढे मिस्टरांची नोकरी पेनांगच्या बायान लेपासमधल्या कारखान्यात लागली आणि आमचं बिऱ्हाड बरीच वर्षं तिथे पुलाव टिकूस भागात होतं. त्यामुळे तुमच्या मिस्टरांचा युक्तिवाद मला तोंडपाठ आहे. आमच्याकडे पाहुणे आले, की पहिल्या सकाळी हेच म्हणायचे आणि दुपारी दोनला पंख्याखाली आडवे झालेले असायचे. म्हणून सहलीचं नंतर सांगते, आधी या ३२ अंशांचं.

नागपुरात मे महिन्यात माठातलं पाणी गारेगार होतं. माठातून पाझरलेलं पाणी कोरड्या हवेत झपाट्याने उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. तोच माठ पेनांगला ठेवा. बाहेरून ओला राहील, पण पाणी कोमटच. आपलं अंग म्हणजे असाच एक माठ आहे. घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडावा लागतो. हवामानखात्यात थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून एक तापमान मोजतात. ओलं अंग वाऱ्यावर जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल, याचा त्यावरून अंदाज येतो. नागपूरला ४४ अंश आणि हवेत १५ टक्के ओलावा असताना हा आकडा साधारण २३ येतो. पेनांगला ३२ अंश आणि ७० टक्के ओलावा असताना तो २७च्या पुढे जातो. म्हणजे साध्या थर्मामीटरवर बारा अंशांनी थंड दिसणारं पेनांग घामाच्या हिशेबात नागपूरपेक्षा चार अंशांनी कठीण आहे. मिस्टरांना हे दोन आकडे तेवढे वाचून दाखवा.

आता याचा व्यवहारात अर्थ काय? नागपूरच्या उन्हातल्या आपल्या निम्म्या युक्त्या तिथे उलट्या पडतात. तोंडाला घट्ट दुपट्टा बांधून बाहेर पडणं नागपुरात योग्यच, कारण तिथली झळ अंगापेक्षा गरम असते आणि ती अडवावी लागते. पेनांगला हवा अंगाहून गार असते, त्यामुळे तिला अंगाशी येऊ द्यायचं. सैल, पातळ सुती कपडे घाला आणि गळा मोकळा ठेवा. दुपट्ट्याऐवजी छत्री घ्या. ती ऊन आणि पाऊस दोन्हींना चालते. मुलाला जीन्स घालू देऊ नका, घामाने ती अंगाला चिकटते आणि मांड्या सोलवटतात. पिशवीत प्रत्येकाचा एक कोरडा टीशर्ट किंवा ब्लाउज ठेवा. सासूबाईंची साडी सुती असू द्या, सिंथेटिक नको. आणि संध्याकाळी गार होईल म्हणून थांबू नका, तिथे रात्रीसुद्धा पारा २४-२५च्या खाली क्वचित जातो.

जहाजाचा एसी ही यातली आणखी एक अडचण. रात्रभर २२ अंशांत झोपायचं आणि सकाळी एकदम या हवेत उतरायचं, हे सासूबाईंना त्रासाचं होईल. त्यांना समुद्रातल्या दिवशी सकाळी तासभर उघड्या डेकवर सावलीत बसवा. पेनांगच्या सकाळी नाश्ताही तिथेच करा.

तिथल्या घड्याळाचंही एक लक्षात ठेवा. मलेशियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, पण पेनांग बरंच पश्चिमेला असल्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वाच्या सुमाराला. म्हणजे तुमचं जहाज नऊला लागेल तेव्हा ऊन आपल्याकडच्या आठचं असतं. सकाळ हातात जरा जास्त मिळते. दुपार मात्र लांबते. एक ते साडेचार हा वेळ सगळ्यात वाईट आणि पाचलाही उन्हाला जोर असतो. सूर्य मावळतो सात वाजून गेल्यावर, तेव्हा तुम्ही समुद्रात असाल. तुमचा अख्खा दिवस उन्हातच जायचा आहे, त्याची आखणी याच हिशेबाने करा.

बसची ती सहल घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगते. पाच तासांत चार ठिकाणं म्हणजे एसी बसमधून उकाड्यात, उकाड्यातून पुन्हा बसमध्ये, असं आठ वेळा. केक लोक सी सुंदर आहे, पण ते डोंगराच्या उतारावर चढत गेलंय आणि पायऱ्या फार आहेत. सासूबाईंना ते झेपणार नाही आणि त्यांच्यापायी तुम्हीही खालीच बसून राहाल. बाटिकच्या कारखान्यात शेवटी दुकानच बघायचं असतं.

पेनांगची खरी सोय अशी, की जहाज शहराच्या दारातच लागतं. कित्येक बंदरांत धक्क्यावरून गावात यायला तास जातो. इथे स्वेटेनहॅम पिअरच्या फाटकातून बाहेर पडलं, की पाच-सात मिनिटांवर व्हिक्टोरिया राणीचा घड्याळाचा मनोरा. राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून १८९७मध्ये तो बांधायला घेतला. उंची ६० फूट, वर्षाला एक फूट. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीने तो किंचित कलला, तो तसाच आहे. शेजारीच फोर्ट कॉर्नवॉलिस. फ्रान्सिस लाइट हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस १७८६मध्ये याच टोकाला उतरला. किल्ला बाहेरून बघा आणि पुढे चला. आत सावली फारशी नाही.

बंदर इतकं जवळ असल्याने दुपारी जहाजावर परत येता येतं. जेवून, आंघोळ करून, गार खोलीत पडून पुन्हा बाहेर जाता येतं. जुन्या शहरात सासूबाईंना घेऊन जाणाऱ्याने हे नाही केलं, तर त्या बंदराचा उपयोगच करून घेतला नाही म्हणेन मी.

माझ्या मते चौघांनी सकाळी दोन वाटांनी जावं. मुलगा आणि मिस्टर यांनी उतरल्याबरोबर ग्रॅब ॲपवरून गाडी बोलावून सरळ आयर इताम गाठावं. अर्ध्या तासाचा रस्ता आहे. तिथून पेनांग हिलची दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे. १९२३मध्ये ती सुरू झाली तेव्हा मध्यावर डबा बदलावा लागायचा. २०११पासून नवे डबे एका दमात वर नेतात. रूळमार्ग जवळजवळ दोन किलोमीटरचा आहे आणि चढण मध्येच इतकी उभी होते, की मुलगा खूश होईल. टेकडीचा सगळ्यात उंच भाग ८३३ मीटर. वर हवा खालच्यापेक्षा पाचेक अंशांनी गार असते आणि आकाश मोकळं असलं तर समोर १९८५मध्ये खुला झालेला साडेतेरा किलोमीटरचा पूल दिसतो. तुमचं जहाजही दिसेल. मात्र सुटीचा दिवस असेल आणि रांग तासाभराची दिसली, तर हट्ट न करता फिरायचं, हे मुलाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. साडेबाराला खाली, सव्वाला जेवायला तुमच्यासोबत, एवढंच.

तुम्ही आणि सासूबाई मनोऱ्यापाशी सायकलरिक्षा घ्या. तिथे तिला बेचा म्हणतात. बसायची जागा पुढे आणि चालवणारा मागे, त्यामुळे समोर सगळं मोकळं दिसतं आणि वारा लागतो. पैसे आधी ठरवा, तासाचे की फेरीचे तेही विचारा. पहिला थांबा सेंट जॉर्ज चर्च. पांढऱ्या खांबांची ही इमारत १८१८ची. ती उभारायला हात लागले ते हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांचे. बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातले कैदीही त्या काळी पेनांगला पाठवत. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. मी तिथून गेले, की त्या खांबांना हात लावून पुढे जायची. तुम्हीही दोन मिनिटं थांबा.

तिथून जवळच कुआन यिनचं चिनी देऊळ, अंगणात हाताएवढ्या जाड उदबत्त्या जळत असतात. धूर झोंबतो, म्हणून सासूबाईंना दारातूनच दर्शन घेऊ द्या. त्याच रस्त्यावर पुढे कॅपितान केलिंग मशीद, दक्षिण हिंदुस्थानातून गेलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची. आणि मागच्या गल्लीत, क्वीन स्ट्रीटवर, महामारीअम्मन मंदिर. १८३३चं हे देऊळ पेनांगमधलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ. गोपुर रंगीबेरंगी आणि आत फरशी गार. सासूबाईंना इथे निवांत बसू द्या. फक्त बाराच्या आत पोचा, दक्षिणी रिवाजाने दुपारी देऊळ बंद असतं.

चालताना ऊन टाळायचा मार्ग शहरानेच करून ठेवलाय. जुन्या दुकानांच्या पुढे पाच फुटी ओसरी असते, वर माडी आणि खाली सावलीची वाट. पण हिच्यावर सासूबाईंचा हात धरूनच चाला. प्रत्येक दुकानाची ओसरी वेगळ्या उंचीची. दोन पावलं फरशी, मग एकदम वीतभर पायरी, मग उतार, मध्येच उभी केलेली मोटारसायकल, म्हणून रस्त्यावर उतरावं तर मध्ये उघडं खोल गटार. जुन्या फरशा पावसाने ओल्या झाल्या, की गुळगुळीत होतात. तिथे उकाड्यापेक्षा पडून दुखापत झालेली म्हातारी माणसं मी जास्त पाहिली आहेत. सासूबाईंना चप्पल नको, मागे पट्टा असलेले खरबरीत तळाचे सँडल हवेत. समुद्रात लाकडी खांबांवर वसलेल्या चिनी कुळांच्या वस्त्या प्रसिद्ध आहेत, पण तिथल्या फळ्यांच्या वाटेवर सावली नाही. त्या या खेपेला सोडा.

जेवायला लिटल इंडिया. मार्केट स्ट्रीट आणि पेनांग स्ट्रीटच्या आसपास केळीच्या पानावर जेवण देणारी तामिळी शाकाहारी खानावळ सहज सापडते. बाहेर मात्र शाकाहाराला फार जपावं लागतं. रोजाक नावाचा पदार्थ बघून सासूबाईंना वाटेल, काकडी, अननस, कैरी, वर दाण्याचा कूट, आपलं कोशिंबिरीसारखंच. त्यावरचा काळा दाट रस्सा कोळंबीच्या लगद्याचा असतो. आसाम लाक्सा या आंबट रश्शातल्या नूडल्समध्ये मासा आणि चार क्वे त्याव या परतलेल्या नूडल्समध्ये कोळंबी, शिंपल्या आणि बऱ्याचदा डुकराची चरबी. भाजीसुद्धा पुष्कळदा सुकटीच्या वाटणात परततात. ‘नो मीट’ म्हटल्याने भागत नाही, मासा, कोळंबी, अंडं सगळ्यांचं नाव घेऊन विचारा.

प्यायला मात्र चैन आहे. जायफळाच्या फळाच्या गराचं सरबत तिथलं खास, पेनांगला जायफळाच्या बागा आहेत. आणखी एक हिरवं आंबट सरबत मिळतं, कोकणातल्या आंबाड्याचाच भाऊ असलेल्या फळाचं. ‘आसाम बोई’ घालून मागा. ते म्हणजे मीठ लावून वाळवलेलं आंबट फळ, अख्खंच पेल्यात टाकतात. पहिला घोट घेतलात, की खारट-आंबट-गोड अशी आपल्या पन्ह्याची चव लागेल, आणि घामातून गेलेलं मीठही परत मिळतं. तुम्ही, मिस्टर आणि मुलगा खुशाल प्या. सासूबाईंना मात्र मीठ किती चालतं, ते निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. त्याच भेटीत रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे का, हेही विचारा. असेल तर उकाड्यात अंगातलं पाणी लवकर कमी होतं. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर सांगतील तसं करायचं.

या वयात तहानही कमी लागते. ‘पाणी नको गं’ म्हणतील, तरी दर वीस-पंचवीस मिनिटांनी अर्धा पेला त्यांच्या हातात द्याच. ओआरएसची दोन पाकिटं पिशवीत असू द्या. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, अंग थंड-चिकट होऊन गरगरणं ही पहिली खूण. लगेच एसी असलेल्या दुकानात शिरा, पाय वर करून झोपवा, अंग ओलं करून वारा घाला आणि घोट घोट ओआरएस द्या. वारा विसरू नका, नुसतं ओलं करून त्या हवेत उपयोग होत नाही. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला किंवा अंग तापलेलं लागलं, तर तो उष्माघात समजा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नका, दमट हवेत उष्माघातातही घाम असू शकतो. मान, काख, जांघ इथे बर्फ लावा, पाणी ओता आणि ९९९ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका.

अडीचपर्यंत सासूबाई जहाजावर हव्यात. मग साडेतीनला तुम्हाला उत्साह असेल तर तुम्ही तिघं आर्मेनियन स्ट्रीटवर पायी एक चक्कर मारा. तिथे २०१२मध्ये अर्नेस्ट झाखारेविच या चित्रकाराने एका जुन्या भिंतीवर दोन मुलं रंगवली आणि त्यांच्यापुढे खरी सायकल ठोकली. मुलाला तिथे फोटो काढायचाच असेल. दुपारी विजांचा पाऊस आला तर ओसरीत उभं राहा, सरी बहुधा लवकर ओसरतात.

प्रश्न : स्वतःच फिरलो आणि उशीर झाला तर जहाज थांबतं का? पेनांगसाठी व्हिसा लागतो का? – एक वाचक, सातारा

उत्तर : जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली, तर जहाज सहसा थांबतं. तुम्ही आपले आपण गेलात, तर थांबेल या भरवशावर राहू नका. सुटायची वेळ पाहू नका, सगळ्यांनी चढायची वेळ पाहा. ती अर्धा-पाऊण तास आधीची असते आणि रोजच्या पत्रकात छापलेली असते. त्याच पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा आणि नंबर कागदावरही लिहून घ्या, फोनची बॅटरी संपली तर तोच कामी येईल. परतीला धक्क्यावर सामानतपासणीची रांग असते, म्हणून चढायच्या वेळेच्या तासभर आधी फाटकाशी असावं. पेनांग आणि सिंगापूरचं घड्याळ एकच आहे. पण तुमची क्रूझ पुढे फुकेतला जात असेल, तर थायलंडचं घड्याळ एक तास मागे आहे. फोन आपोआप तिथली वेळ दाखवेल आणि जहाज कदाचित सिंगापूरच्याच वेळेने चालेल. उतरताना जहाजाच्या वेळेवर लावलेलं एक साधं मनगटी घड्याळ हातात असू द्या.

भारतीय पासपोर्टवर मलेशियाला १ डिसेंबर २०२३पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा न घेता जाता येतं. ही सवलत मुदतीची आहे आणि वाढवली जाते, म्हणून तिकिटं काढण्याआधी पुन्हा तपासा. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड मोफत असतं, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. क्रूझच्या प्रवाशांनी ते कसं भरायचं, ते जहाजकंपनीकडून लेखी मागवा. लोक विसरतात तो सिंगापूरचा व्हिसा. जहाज परत सिंगापूरलाच येणार, म्हणजे तुम्ही त्या देशात दुसऱ्यांदा शिरणार. व्हिसावर मल्टिपल एंट्री लिहिलंय ना, ते घरीच बघा.

प्रश्न : मागच्या क्रूझला बाहेर पडल्यावर पहिले सगळे फोटो धुरकट आले. कॅमेरा बिघडला का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : बिघडलेला नाही. खोलीतल्या एसीने लेन्स गार झालेली असते. बाहेर आल्याबरोबर दमट हवेतली वाफ तिच्यावर जमते. चष्म्याचंही तेच होतं, आणि जिन्यावरून उतरताना चष्मा पांढरा होणं धोक्याचं आहे, कठडा धरून उभं राहा. कॅमेरा खोलीतच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि उतरायच्या अर्धा तास आधी त्या पिशवीसकट बाल्कनीत किंवा उघड्या डेकवर सावलीत ठेवा. वाफ पिशवीवर जमेल, लेन्सवर नाही. कॅमेरा हवेइतका कोमट झाला, की पिशवी उघडा. बाष्प जमलेली लेन्स घाईने पुसू नका आणि तेवढ्यात लेन्स बदलूही नका, नाहीतर ओलावा आत शिरतो.